दन्सलची रांग

वर्गात प्रत्येकाकडे दाखवायला काही ना काही होतं, फक्त इरेशाकडे नव्हतं. लॉजिस्टिक्सच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून कुठल्यातरी खऱ्याखुऱ्या कामाचा अभ्यास करायचा, त्यात सुधारणा करायची, आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते मांडायचं. शेहान कोलंबो बंदरातल्या कंटेनर टर्मिनलवर नोकरीला होता, त्याला विषय शोधावाच लागला नाही. कुणाकडे कपड्यांच्या कारखान्याचं गोदाम होतं, एका मुलीकडे तर मळ्यापासून जहाजापर्यंत चहाच्या पेट्यांचा सगळा प्रवास होता. इरेशानं सेनुली झाल्यावर शिपिंग एजंटकडची नोकरी सोडली होती. जुन्या साहेबांना तिनं दोनदा विचारून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी फोनच उचलला नाही.

"सर, मी सध्या घरीच असते," ती वर्गात म्हणाली आणि म्हणतानाच तिचे कान तापले.

"मग स्वयंपाकघर असेलच की," विक्रमनायक सर म्हणाले. वर्ग हसला. सर वाईट माणूस नव्हते, हसू ओसरल्यावर त्यांनी सावरून घेतलं. "चेष्टा नाही करत. जिथे रांग आहे आणि साठा आहे, तिथे आपला विषय आहे. कारखानाच हवा असं कोण म्हणालं?"

रांग आणि साठा. घरी परतताना बसमध्ये तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. मोरटुवाच्या वळणावर बस थांबली, बाहेर कुणीतरी वेसकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, कंदिलांसाठी बांबूच्या कामट्या विकत बसलं होतं, आणि तिला गल्लीतलं दन्सल आठवलं.

दर वेसकला पौर्णिमेच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गल्लीत दन्सल, म्हणजे फुकट जेवणाचं अन्नछत्र, असायचं. येईल त्याला भात, परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, भोपळ्याची भाजी, पापड. जागा गामिणीमामांच्या फर्निचरच्या कारखान्याच्या अंगणातली, टेबलं म्हणून त्यांच्याच सागवानी फळ्या. गल्लीतली तरुण मुलं झेंडे घेऊन मोठ्या रस्त्यावर उभी राहायची, बस आणि रिक्षा अडवून माणसांना बोलावून आणायची. मागच्या वर्षी मात्र रांग पार रेल्वे फाटकापर्यंत गेलेली असताना भात संपला होता. बोलावून आणलेली माणसं तशीच परत गेली. गामिणीमामा ते वर्षभर विसरले नव्हते.

"आता आपल्या गल्लीतली पोरगी जहाजं हाकायचं शिकतेय," गल्लीच्या बैठकीत ते म्हणाले, "ती आपला भात नाही का हाकणार?"

"जहाज बुडालं तर निदान विमा तरी असतो," एका सुतारानं टोला हाणला.

इरेशाही हसली. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी तिच्या शिक्षणाकडे कौतुकानं पाहिलं होतं.

तिचा नवरा रुवन मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, सहा-सहा महिने समुद्रावर. सासूबाई, सोमावती, शनिवार-रविवार घरी शिवणाचा वर्ग चालवायच्या. वर्गाच्या मुली, मशिनं आणि कात्र्या यांच्यात तीन वर्षांची सेनुली ठेवायची म्हणजे इरेशाला विद्यापीठात बसूनही डोळ्यांसमोर कात्रीच दिसायची. तिचं शिक्षण चालू होतं ते पेमा अक्कामुळे. पेमा अक्का फाटकापलीकडे, समुद्राच्या अंगाला राहायची. वय पन्नाशीच्या पुढे, स्वतःचं मूल नाही. शनिवारी सकाळी ती यायची आणि संध्याकाळपर्यंत सेनुलीला सांभाळायची; सेनुली तिला आच्ची, म्हणजे आजी, म्हणायची. सेनुलीला कढत पेज फुंकून भरवायची, तिला ताप आला तर इरेशाला वर्गात न कळवता आधी उतरवायची आणि मग सांगायची. तिचा एखादा शनिवार चुकला की इरेशाचाही चुकायचा. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्यावर कधी बोलणं व्हायचं नाही.

वेसकच्या आधी तीन आठवडे इरेशानं गल्लीतल्या प्रत्येकाला मागच्या वर्षीचं विचारलं. भात कुणी शिजवला, केव्हा चढवला, वाढायला किती जण होते. खरं कारण तिला दुसऱ्याच दिवशी सापडलं. मोठी पातेली सगळी एकदम चढवली होती, ती उतरल्यावर पुढचं आधण ठेवलं होतं, आणि पहिला भात संपला तेव्हा दुसरा अजून कच्चा होता. इतकं साधं. पातेली आलटून पालटून चढवायची, वाढायला एकाऐवजी दोन रांगा करायच्या, परिप्पू आधीच वाट्यांत काढून ठेवायचा, झालं काम.

पण एवढ्यानं प्रोजेक्ट कसा भरायचा? "भात वेळेवर चढवला" हे वाक्य शेहानच्या कंटेनरांपुढे मांडायचं म्हणजे पुन्हा सगळे हसणार. पुस्तकात होतं की मागणीवर नियंत्रण नसेल तर पुरवठ्याचं नियोजन फोल ठरतं. मग तिनं नियंत्रण आणलं. एका माणसाला एक ताट. ताट घेताना करंगळीला जांभळी शाई लावायची, मतदानाला लावतात तशी, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा रांगेत आलं तर कळेल. पाच वर्षांखालच्या मुलांना वेगळं ताट नाही, त्यांनी मोठ्यांच्या ताटातलं खायचं, कारण मुलं अन्न टाकतात.

"शाई?" सोमावती भोपळा चिरता चिरता थांबल्या. "रस्त्यावर उभं राहून आपणच बोलावतो ना माणसांना? मग खुणा कसल्या करायच्या?"

"दोनदोनदा येणाऱ्यांमुळे शेवटच्या माणसाला मिळत नाही, अम्मा."

"कुणी येतं दोनदा?"

"येतच असतील की."

सासूबाई पुन्हा चिरू लागल्या. सुनेच्या परीक्षेचं काम, त्यात आपण तोंड घालू नये, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. गल्लीतल्या पोरांना मात्र शाईची कल्पना भलतीच आवडली. दिनेत म्हणून कॉलेजात जाणारा मुलगा होता, त्यानं टेबलावर बसायची जबाबदारी आपण होऊन घेतली.

पौर्णिमेला दुपारी ऊन उतरल्यावर दन्सल सुरू झालं. इरेशा पांढऱ्या साडीत, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात मोजणीचं यंत्र. रांग हलत होती. खरोखरच हलत होती. दोन ओळींतून माणसं टेबलाशी यायची, करंगळी पुढे करायची, हसायची, ताट घेऊन फळ्यांवर बसायची. एक भात संपायच्या आत दुसरा उतरत होता. बसमधून उतरलेली एक अख्खी वऱ्हाडासारखी टोळी आली आणि जेवून गेलीसुद्धा.

विक्रमनायक सर आले तेव्हा तिनं ओळखपत्राची दोरी सरळ केली. बरोबर शेहान होता. तिनं त्यांना पातेली दाखवली, आधणाचं वेळापत्रक दाखवलं, परिप्पूच्या वाट्या दाखवल्या. तासभर सर एकेक पाहत, मान हलवत होते. त्या गडबडीत सेनुली कुठे आहे हे तिनं दोनदा मान वळवून पाहिलं, दोन्ही वेळा ती पेमा अक्काच्या कडेवर होती. मग तिनं पाहणं सोडून दिलं.

"आणि ही शाई," सर टेबलाशी येऊन म्हणाले, "ही तुझी स्वतःची कल्पना?"

"हो सर."

"फार छान."

त्याच वेळी रांगेतून पेमा अक्का पुढे आली. कडेवर सेनुली नव्हती. इरेशाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर आज पौर्णिमेला, सगळी गल्ली पांढऱ्यात असताना, पेमा अक्का रंगीत साडी नेसलीय. निळी, जुनी, घरात नेसायची.

"बोट दाखवा, अम्मे," दिनेत म्हणाला.

पेमा अक्कानं हात पुढे केला. करंगळी जांभळी होती.

"शाई लागलीय की तुम्हाला. तुमचं झालंय."

मागून रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "पोट आहे की पोतं?" दोघंतिघं हसले. गल्लीतलेच होते, वाईट हेतूनं नव्हे, गर्दीत माणसं हसतात तसे.

पेमा अक्कानं इरेशाकडे पाहिलं. गयावया नव्हती त्यात. ओळखीचं माणूस समोर दिसलं की आपण पाहतो तसं पाहिलं, आता ही सांगेल काय ते, अशा भरवशानं. दिनेतही इरेशाकडे वळला. आणि सरही. शेहानच्या हातात फोन होता, तो फोटो काढत होता.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, पेमा अक्का," इरेशा म्हणाली.

आवाज अगदी स्वच्छ आला. आपला आवाज थरथरला नाही याचं त्या क्षणी तिला बरंसुद्धा वाटलं.

"हो हो, खरंच की," पेमा अक्का म्हणाली. "मला वाटलं..." पुढचं तिनं सांगितलं नाही. ओळीतून बाहेर पडताना मात्र ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "सेनुली तुझ्या सासूबाईंपाशी आहे हां, काळजी करू नको." आणि फाटकाच्या दिशेनं निघून गेली.

"हाच खरा कसोटीचा प्रसंग," सर शेहानला म्हणाले. "ओळखीचं माणूस आलं की व्यवस्था मोडते. इथे मोडली नाही."

इरेशानं यंत्राचं बटण दाबलं. थोपवलेल्यांत एकाची भर.

दन्सल आवरलं तेव्हा दोन मोठी पातेली भात शिल्लक होता. गामिणीमामा खुशीत होते, "उरला, उरला" असं जो भेटेल त्याला सांगत होते, जणू घोड्यांची शर्यत जिंकली. उन्हाळ्याचे दिवस, आंबायच्या आत एक पातेलं किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना घातलं, दुसरं कुणीतरी डुकरांसाठी घेऊन गेलं. इरेशानं मनातल्या मनात त्याला सुरक्षित साठा असं नाव दिलं. पुस्तकात तसं म्हणतात.

सेनुलीला आंघोळ घालताना तिच्या कोपराशी हळदीचा पिवळा डाग दिसला. "हे काय गं, बाळा?"

"परिप्पू," सेनुली म्हणाली. "सेनुलीनं ताट पाडलं. धप्प."

"कुठे?"

"पेमा आच्चीच्या मांडीवर. सगळ्या साडीवर. आच्ची म्हणाली, राहू दे, राहू दे. मग पापड सेनुलीनं खाल्ला. भात काऊनं खाल्ला."

इरेशाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लहान मुलांना वेगळं ताट नाही. पेमा अक्कानं स्वतःचं ताट घेतलं, करंगळीला शाई लावून घेतली आणि आधी सेनुलीला भरवायला बसली. सेनुलीनं ते पाडलं. मग ती सेनुलीला सोमावतींकडे देऊन घरी गेली, पांढरी साडी बदलून आली आणि पुन्हा रांगेत शेवटाला उभी राहिली, कारण अजून जेवली नव्हती.

दारात सोमावती टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"मी म्हटलं होतं तिला, पेमा, आधी तू जेव, पोरीला मग भरव," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, पोरगी दमलीय." मग, "जेवली ना नंतर?"

"माहीत नाही, अम्मा," इरेशा म्हणाली. तिला माहीत होतं. खोटं बोलली, आणि ते खोटं सासूबाईंना दिसलं असावं, कारण त्यांनी टॉवेल तिच्या हातात दिला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गामिणीमामांच्या कारखान्यात गेली. लाकडाच्या भुशात मामा अनवाणी उभे होते.

"मामा, आज शाई नको लावायला."

"नको? अगं, काल सगळ्या मोरटुवात तिचाच बोलबाला झालाय. पुलापलीकडचे लोक विचारायला आले होते, शाई कुठून आणली म्हणून. का नको?"

का ते सांगायचं तर पेमा अक्काचं सांगावं लागणार होतं, सेनुलीचं ताट, आपला तो स्वच्छ आवाज. तिनं तोंड उघडलं. त्याच क्षणी तिला आणखीही काही आठवलं, आणि ते आठवलं याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त शरम वाटली. अहवालात दोन दिवसांचे आकडे हवे होते. एक दिवस शाईचा आणि एक बिनशाईचा, तर तुलनेची वाट लागणार.

"नाही, असंच म्हटलं," ती म्हणाली. "लावा."

त्या दिवशी ती टेबलाशी बसली नाही. आत चुलीपाशी राहिली, धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसत राहिली. बाहेरून दिनेतचा आवाज येत होता, "बोट दाखवा, बोट दाखवा." संध्याकाळी त्यानं आणून दिलेला आकडा तिनं नीट लिहून ठेवला.

त्यानंतरच्या दिवशी तिनं घरी भात केला, मासळीची आमटी केली, वांग्याची भाजी केली, सगळं मोठ्या डब्यात भरलं आणि सेनुलीचं बोट धरून फाटकापलीकडे गेली. पेमा अक्काचा नवरा विल्बर्ट ओट्यावर खुर्चीचा पाय तासत बसला होता. कुंपणावर पांढरी साडी वाळत होती. मधोमध हळदीचा मोठा पिवळा नकाशा उमटला होता, दोनदा धुतला तरी न गेलेला.

विल्बर्टनं डबा पाहिला. रंध्याचा हात थांबवला नाही. "आधी बोटं दाखवू का?" तो म्हणाला. "माझी दोन्ही हातांची कोरी आहेत. हिचंच एक खराब आहे."

"गप बसा हो तुम्ही," पेमा अक्का आतून आली. "यांचं काही मनावर घेऊ नको. ये, बस. सेनुली, खोकला गेला का गं तुझा?"

चहा आला, बरोबर कितुल ताडाच्या गुळाचा खडा. डबा टेबलावर तसाच राहिला, त्याचं झाकण कुणी उघडलं नाही. इरेशानं येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. इथे बसल्यावर त्यातलं एकही तोंडावर येईना. दन्सलच्या रांगेत उभं राहून ताट घेण्यात कुणाला कमीपणा नसतो. तिथे घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचीच, पुण्याची, गरज मोठी. पण रांगेतून परत पाठवून मग घरपोच डबा आणायचा, याला काय म्हणतात ते तिला चहाचा कप हातात धरल्यावर कळलं. आता डबा परत उचलून न्यायचा तरी कसा.

"साडी..." ती एवढंच म्हणाली.

"जुनीच होती," पेमा अक्का म्हणाली.

निघताना पेमा अक्कानं डबा आत नेला, भात-आमटी आपल्या भांड्यांत काढून घेतली, डबा धुतला आणि परत देताना त्यात तीन आंबे घातले. रिकामा डबा परत करत नाहीत. इरेशा ते आंबे घेऊन घरी आली. सेनुलीनं एक खाल्ला. उरलेल्या दोनांकडे इरेशाला बघवेना.

शनिवारी पेमा अक्का येईल की नाही, या काळजीत तिनं सगळा आठवडा काढला. याच शनिवारी वर्गापुढे प्रोजेक्ट मांडायचा होता. आली नाही तर सगळं बुडेल, ही काळजी. आणि आपल्याला तिची काळजी नसून तिच्या येण्याची आहे, ही त्यातली टोचणी. पेमा अक्का ठरल्या वेळेला आली. चपला दाराशी काढल्या, सेनुलीला उचललं. नखाच्या कडेला शाई अजून काळपट जांभळी होती. त्या हातानं तिनं सेनुलीच्या केसांतला चाप नीट केला.

"जा तू, उशीर होईल," ती म्हणाली. "पोरीला पेज मी करते."

वर्गात इरेशाचा नंबर शेहाननंतर लागला. पडद्यावर तिनं दन्सलचे फोटो लावले. पातेली, दोन रांगा, वाट्या. मग आलेख. भात एकदाही संपला नाही, रांग निम्म्यानं आखूड झाली, थोपवलेले अमुक इतके. टाळ्या पडल्या. महिन्याभरापूर्वी हसलेला वर्ग आता पुढे झुकून ऐकत होता.

"यातली शाई हा गाभा आहे," सर उठून म्हणाले. "आणि मी प्रत्यक्ष पाहिलंय, म्हणून सांगतो. एक म्हातारी, हिच्या ओळखीची, दुसऱ्यांदा आली. बोट जांभळं. आता आपण काय केलं असतं? म्हटलं असतं, जाऊ दे, ओळखीची आहे. हिनं काय म्हटलं? नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी तिच्या आवाजाची हलकी नक्कल केली. वर्ग हसला. शेहाननं त्या दिवशी काढलेला फोटो वर धरला, शेजारचे दोघं वाकून पाहू लागले.

"सर," इरेशा म्हणाली, "तो फोटो नको."

"का? बाईंचा चेहरा दिसतोय म्हणून? तो आपण झाकू."

"त्या माझ्या मुलीला सांभाळतात. आत्ता मुलगी त्यांच्याकडेच आहे, म्हणून मी इथे उभी आहे." तिला आता थांबता येईना. "त्या दुसऱ्यांदा नव्हत्या आल्या. त्यांचं पहिलं ताट माझ्या मुलीनं पाडलं होतं. लहान मुलांना वेगळं ताट नाही, हा नियमही माझाच."

सर चष्मा काढून पुसू लागले. "ठीक आहे. अपवाद सगळीकडे असतात. त्यानं पद्धत चुकीची ठरत नाही."

"पद्धत कशासाठी होती, सर?" ती म्हणाली. तिचा आवाज आता चांगलाच थरथरत होता. "मागच्या वर्षी भात संपला तो उशिरा चढवल्यामुळे. ते मला आधीच कळलं होतं. दुसऱ्यांदा येणाऱ्यांमुळे संपला असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. शाई मी अहवालासाठी लावली. भात वेळेवर चढवला, एवढंच लिहायची मला लाज वाटत होती."

"म्हणजे थोपवलेल्यांच्या आकड्याला अर्थ नाही?" शेहाननं विचारलं. चिडून नव्हे, खरंच कळून घ्यायला.

"पहिल्या दिवशी दोन पातेली भात उरला. तो कुत्र्यांना आणि डुकरांना घातला. तोच मी सुरक्षित साठा म्हणून दाखवलाय. आणि दुसऱ्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं, तरी शाई चालू ठेवली. आकडा हवा होता."

सरांनी चष्मा लावला. तिच्या आलेखाकडे पुन्हा पाहिलं. "हे जे आत्ता बोललीस ते अहवालात लिहून आण," ते म्हणाले. "गुण कमी होतील. शाईवरच मी जास्त देणार होतो." मग पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

जागेवर येऊन बसल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पेमा अक्काला न ओळखणाऱ्या माणसांपुढे बोलून टाकणं सोपंच होतं. ज्यांच्यापुढे घडलं ते लोक वेगळे होते.

घरी आली तेव्हा शिवणाच्या मुली निघून गेल्या होत्या. पेमा अक्का मागच्या पायरीवर सेनुलीची वेणी घालत बसली होती. इरेशा खांद्यावरची पिशवी न काढताच खाली बसली.

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही, पेमा अक्का? ताट सेनुलीनं पाडलं म्हणून?"

"तुझे सर उभे होते ना शेजारी." पेमा अक्कानं वेणीला रिबन बांधली. "पोरीला सांभाळायला बाई नीट नाही, असं वाटलं असतं त्यांना. नाहीतर तुला हसले असते."

"माझं चुकलं."

"चुकलंच," पेमा अक्का म्हणाली. रागानं नव्हे. दूध नासलं तर नासलं म्हणतात, तसं.

"पुढच्या वर्षी शाई नसेल. मी स्वतः तुम्हाला घ्यायला येईन, तुम्हाला आणि विल्बर्टमामांना."

"येऊ नको." पेमा अक्का उठली, मांडीवरचे केस झटकले. "पुढच्या वर्षी आम्ही पुलापलीकडच्या दन्सलला जाऊ. तिथले चणे चांगले असतात म्हणे." दोन पावलं जाऊन ती वळली, कारण तिलाही ते अपुरं वाटलं असावं. "तिथे मला कुणी ओळखत नाही, पोरी. इथे आता रांगेत उभी राहिले की लोक आधी माझं बोट बघतील. शनिवारी येते मात्र. हिला सवय झालीय माझी."

सेनुली तिच्यामागे अंगणाच्या दारापर्यंत धावली म्हणून इरेशालाही बाहेर यावं लागलं. पेमा अक्का गल्लीतून चालू लागली. समोर कारखान्याच्या दारात गामिणीमामा आणि त्यांचे सुतार चहा पीत बसले होते.

"काय इरेशा, झालीस ना पास?" मामांनी तिथूनच हाक दिली. "पुढच्या वर्षी आईस्क्रीमचंही दन्सल काढू म्हणतो. तुझी शाई तयार ठेव."

सुतार हसले. पेमा अक्का त्यांच्या समोरूनच चालली होती. तिनं पाऊल जलद टाकलं नाही की हळू केलं नाही.

इरेशानं हो म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं. ती रस्त्याच्या मधोमध आली.

"मामा, ती शाई माझ्या परीक्षेसाठी होती," ती मोठ्यानं म्हणाली. इतक्या मोठ्यानं की आत रंध्यावरच्या माणसानं हात थांबवला. "भातासाठी नव्हती. पेमा अक्काचं ताट माझ्या सेनुलीनं पाडलं होतं, त्या तोवर जेवल्याच नव्हत्या. आणि मी त्यांना सगळ्यांसमोर परत पाठवलं."

गामिणीमामांच्या हातातला कप तसाच राहिला. सुतारांपैकी एक खाली बघू लागला. रांगेतून पोतं म्हणणारा तोच होता का, कोण जाणे. इरेशानं गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. पेमा अक्का तोवर फाटकाशी पोचली होती. गाडी यायची घंटा वाजत होती, दांडा खाली येत होता. तिनं ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ती दांड्याखालून वाकून पलीकडे गेली, आणि मग मधून गाडी गेली.

"आच्ची उद्या येणार?" सेनुलीनं विचारलं.

"शनिवारी," इरेशा म्हणाली, आणि तिला कडेवर घेऊन, सगळ्यांच्या नजरेसमोरून, घरात आली.